सुझन ग्लास्पेल : जीवन आणि नाट्यकार्य

(१)

आधुनिक अमेरिकन नाटकाचा आरंभ १९१६ च्या उन्हाळ्यात झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या समुद्रकाठी प्रॉव्हिन्सटाउन नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील एका जुन्या धक्क्यावरच्या वखारीत २८ जुलै १९१६ रोजी यूजीन ओनील या अपरिचित तरुणाची 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' ही एकांकिका प्रथम रंगभूमीवर आली. ओनीलला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या वखारीला इतिहासात स्थान प्राप्त झाले. परंतु या प्रयोगानंतर अकराव्या दिवशी, ८ ऑगस्ट रोजी, त्याच फळ्यांच्या रंगमंचावर 'ट्रायफल्स' नावाची आणखी एक एकांकिका सादर झाली. तिची लेखिका सुझन ग्लास्पेल ही त्या वेळी चाळीस वर्षांची होती. तिच्या नावावर कादंबऱ्या होत्या, कथा होत्या, वृत्तपत्री अनुभव होता. पुढील सहा वर्षांत तिने नाटकामागून नाटक लिहिले व १९३१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. असे असूनही तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ पंचवीस वर्षे नाट्येतिहासाच्या ग्रंथांत ती बहुधा ओनीलच्या चरित्रातील एक प्रासंगिक पात्र म्हणूनच उरली.

हे विस्मरण तिच्या कृतींच्या गुणावगुणांवरून ठरले, की इतिहास लिहिण्याच्या रीतीवरून? तिचे जीवन व कार्य तपासताना हा प्रश्न टाळता येत नाही. किंबहुना, कोणता पुरावा महत्त्वाचा आणि कोणता क्षुल्लक, हे कोणी ठरवायचे, हाच तिच्या सर्वांत प्रसिद्ध कृतीचा विषय असल्यामुळे तो प्रश्न तिच्या बाबतीत विशेष मार्मिक ठरतो.

(२)

सुझन ग्लास्पेल हिचा जन्म १ जुलै १८७६ रोजी आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या मिसिसिपी नदीकाठच्या शहरी झाला. जुन्या संदर्भग्रंथांतून तिचे जन्मवर्ष १८८२ असे छापलेले आढळते. उपलब्ध नोंदींवरून १८७६ हेच वर्ष आता ग्राह्य धरले जाते. या सहा वर्षांच्या फरकाला महत्त्व आहे. 'ट्रायफल्स' ही एखाद्या होतकरू तरुणीची पहिली चुणूक नसून लेखनात मुरलेल्या प्रौढ लेखिकेची कृती आहे, हे त्यामुळे स्पष्ट होते.

ग्लास्पेल घराणे आयोवातील आद्य वसाहतकारांपैकी होते. तिच्या बालपणी मात्र घरची परिस्थिती बेताचीच होती. डॅव्हनपोर्टच्या परिसराला आणखी एक इतिहास होता. १८३२ च्या युद्धात ब्लॅक हॉक या आदिवासी नायकाचा पराभव झाला आणि त्याच्या लोकांची भूमी गोऱ्या वसाहतकारांकडे गेली. तिच्या पूर्वजांची पिढी हीच. ज्या भूमीवर आपले घर उभे आहे ती कोणाकडून आली, ही जाणीव तिच्या लेखनात पुढे वारंवार डोकावते.

डे मॉइन येथील ड्रेक विद्यापीठातून तिने १८९९ मध्ये पदवी घेतली आणि लागलीच 'डे मॉइन डेली न्यूज' या पत्रात बातमीदार म्हणून ती काम करू लागली. राज्याच्या विधिमंडळाचे कामकाज आणि न्यायालयांतील खटले ही तिची मुख्य क्षेत्रे होती. स्त्री-बातमीदारांकडे बहुधा पोशाख व समारंभ यांचे स्तंभ सोपविले जात, त्या काळात ही गोष्ट अपवादात्मकच म्हटली पाहिजे. १९०१ मध्ये तिने नोकरी सोडली व कथालेखनासाठी ती डॅव्हनपोर्टला परतली. 'हार्पर्स'सारख्या मासिकांतून तिच्या कथा प्रसिद्ध होऊ लागल्या. 'द ग्लोरी ऑफ द काँकर्ड' ही पहिली कादंबरी १९०९ मध्ये, 'द व्हिजनिंग' १९११ मध्ये आणि 'फिडेलिटी' १९१५ मध्ये प्रकाशित झाली.

याच शहरात जॉर्ज क्रॅम कुक या तिच्या समवयस्क विचारवंताशी तिचा परिचय झाला. हार्वर्ड व हायडेलबर्ग येथे शिकलेला, काही काळ प्राध्यापकी करून नंतर शेतीकडे वळलेला आणि प्राचीन ग्रीक संस्कृतीने झपाटलेला असा हा गृहस्थ होता. त्याचे दोन विवाह झाले होते, आणि ग्लास्पेलशी त्याचे नाते जुळले तेव्हा गावात बराच प्रवाद उठला. १९१३ च्या एप्रिलमध्ये त्यांचा विवाह झाला. हिवाळ्यात न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेज आणि उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउन, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

(३)

ग्लास्पेलच्या नाट्यप्रतिभेचे मूळ तिच्या बातमीदारीच्या काळातील एका खटल्यात आहे. १९०० च्या डिसेंबरमध्ये, पहिल्या आणि दुसऱ्या तारखांच्या दरम्यानच्या रात्री, आयोवातील वॉरन परगण्यात जॉन हॉसॅक नावाच्या सधन शेतकऱ्याच्या डोक्यात तो झोपेत असताना कुऱ्हाडीचे घाव घालण्यात आले. काही तासांनी तो मरण पावला. त्याची पत्नी मार्गारेट हिचे म्हणणे असे की, ती त्याच बिछान्यात झोपली होती, आवाजाने ती जागी झाली, पण मारेकरी तिच्या दृष्टीस पडला नाही. दफनविधीच्या प्रसंगीच तिला अटक झाली. १९०१ च्या एप्रिलमध्ये इंडियानोला येथे खटला चालला, ज्यूरीने तिला दोषी ठरविले आणि तिला जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द करून फेरचौकशीचा हुकूम दिला. १९०३ मधील दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही, आणि अखेर तिची मुक्तता झाली. खून कोणी केला, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

या प्रकरणावर ग्लास्पेलने आपल्या पत्रात सव्वीस वृत्तान्त लिहिले. हे वृत्तान्त क्रमाने वाचले असता एक लक्षणीय बदल दिसून येतो. आरंभीच्या वृत्तान्तांत आरोपी स्त्रीचे चित्रण थंड, कठोर व निर्विकार असे आहे आणि तिच्या अपराधाविषयी वाचकाच्या मनात फारसा संशय उरू नये असाच त्यांचा रोख आहे. वाचकांना खिळवून ठेवणाऱ्या वृत्तपत्री शैलीचे सर्व दोष त्यांत आहेत. बातमीदाराने हॉसॅकच्या घरी प्रत्यक्ष जाऊन आल्यावर मात्र सूर पालटतो. तीच स्त्री आता थकलेली, वयस्क, मातृत्वाचे ओझे वाहिलेली अशी दिसू लागते. घरातील वस्तूंच्या दर्शनाने निरीक्षकाची दृष्टी बदलली, असे अनुमान संशोधकांनी यावरून काढले आहे, आणि ते सयुक्तिक वाटते. नवऱ्याच्या तापट स्वभावाबद्दल शेजाऱ्यांना माहिती होती, घरातील कलह गावाला ठाऊक होता. परंतु खटल्यात या माहितीचा उपयोग मुख्यतः पत्नीकडे खुनाचे कारण होते हे दाखविण्यासाठीच झाला.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. त्या काळी आयोवातील स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार नव्हता. न्यायाधीश, वकील, शेरीफ आणि बारा ज्यूरर असे सर्वच पुरुष होते. खटला ऐकण्यास स्त्रिया मोठ्या संख्येने येत, पण त्यांची जागा प्रेक्षकांची होती.

(४)

१९१५ च्या सुमारास न्यूयॉर्कची रंगभूमी पूर्णतः व्यापारी व्यवस्थापकांच्या हाती होती. आयर्लंडच्या अ‍ॅबी थिएटरचा १९११ चा अमेरिकेतील दौरा पाहून कुकच्या मनात एक निराळी कल्पना रुजली होती. एखाद्या लहान समाजाने आपल्यातूनच नाटककार, नट आणि प्रेक्षक निर्माण करावेत, अशी ती कल्पना. फ्रॉइडच्या नव्या मानसशास्त्राची टिंगल करणारी 'सप्रेस्ड डिझायर्स' ही एकांकिका कुक व ग्लास्पेल यांनी मिळून लिहिली. ती न्यूयॉर्कमधील एका नव्या नाट्यसंस्थेने नाकारली, तेव्हा १९१५ च्या उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउन येथील एका स्नेह्याच्या घरी मित्रमंडळींनीच तिचा प्रयोग केला. त्याच उन्हाळ्यात मेरी हीटन व्होर्स या लेखिकेच्या मालकीच्या धक्क्यावरील वखार साफसूफ करण्यात आली आणि तेथे रंगमंच उभा राहिला.

'ट्रायफल्स'च्या जन्माची हकीकत ग्लास्पेलने दहा वर्षांनंतर लिहून ठेवली आहे. कुकने तिला न विचारताच तिचे नाटक जाहीर करून टाकले. आपण नाट्यलेखनाचा अभ्यास केलेला नाही, ही तिची सबब त्याने मानली नाही. मग ती रिकाम्या वखारीतील बाकावर बसून समोरच्या उघड्या रंगमंचाकडे पाहत राहिली, आणि काही वेळाने त्या रंगमंचाचे स्वयंपाकघर झाले, अशी ही आठवण आहे. आठवणी उत्तरकाली रचल्या जातात, हे लक्षात घेऊन ती जपूनच वापरली पाहिजे. परंतु तिच्यातील एक तपशील विश्वसनीय आहे : नाटकाचे पहिले बीज पात्र किंवा प्रसंग हे नसून स्थळ होते, आणि ते स्थळ बातमीदार म्हणून पूर्वी पाहिलेले होते.

नाटकाचे कथानक थोडक्यात असे : जॉन राइट या शेतकऱ्याचा गळ्याला दोर आवळून खून झाला आहे. त्याची पत्नी मिनी हिला अटक झाली आहे. सरकारी वकील, शेरीफ आणि प्रेत प्रथम पाहणारा शेजारी हेल पुरावा शोधण्यासाठी त्या थंडगार घरात येतात. त्यांच्याबरोबर शेरीफची व हेलची अशा दोघी बायका, अटकेतील स्त्रीचे कपडे नेण्यासाठी आल्या आहेत. पुरुष माडीवर व गोठ्यात शोध घेतात. बायका स्वयंपाकघरात थांबतात. थंडीने गोठून फुटलेल्या मुरांब्याच्या बरण्या, अर्धवट पुसलेले टेबल, गोधडीचा एकाएकी बिघडलेला टाका, मोडलेला पिंजरा आणि अखेर शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी, अशा क्रमाने त्यांना मिनी राइटचे संपूर्ण आयुष्य उलगडत जाते. पुरुषांना हवा असलेला हेतूचा पुरावा त्यांच्या हाती लागतो, आणि त्या तो लपवितात.

येथे वास्तव खटला व नाटक यांतील फरक पाहणे उद्बोधक ठरते. हॉसॅक दांपत्याला नऊ मुले होती. राइट दांपत्य निपुत्रिक आहे. वास्तवात शस्त्र कुऱ्हाड होते, नाटकात दोर आहे. वास्तवात खुनी अज्ञात राहिला, नाटकात मात्र प्रेक्षकाला संशय उरत नाही. हे बदल केवळ सोयीसाठी केलेले नाहीत. मुले काढून टाकल्याने घराचे एकाकीपण निरपवाद होते. दोरामुळे पक्ष्याची मान आणि पतीची मान यांच्यात एक नाते जुळते. आणि गुन्हेगार कोण, हे आधीच उमगल्यामुळे नाटकाचा भर 'कोणी?' या प्रश्नावरून 'का?' या प्रश्नाकडे, आणि तेथून 'न्याय कोणी करावा?' या प्रश्नाकडे सरकतो. पुढच्या वर्षी याच वस्तूवर लिहिलेल्या 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स' या कथेच्या शीर्षकात हा तिसरा प्रश्न उघडपणे मांडलेला आहे. आपल्या बरोबरीच्या लोकांच्या ज्यूरीकडून न्याय मिळण्याचा हक्क इंग्रजी परंपरेतील कायदा देतो. मग ज्या स्त्रीला स्त्रियांची ज्यूरी मिळू शकत नाही, तिला हा हक्क मिळाला असे म्हणता येईल काय?

या नाटकाचा नैतिक पेच मात्र पूर्णपणे सुटत नाही, हेही नमूद केले पाहिजे. दोन शेजारणी कायद्याला डावलतात. त्यांपैकी हेलची पत्नी तर इतकी वर्षे मिनीकडे आपण फिरकलो नाही याचे शल्य बाळगून आहे. म्हणजे पुरावा दडविण्यात करुणेबरोबरच प्रायश्चित्ताचाही अंश आहे. स्त्रियांच्या नैसर्गिक सद्भावनेचा गौरव करणारे हे नाटक नाही. शेजारधर्मात स्त्रियाही चुकल्या, हा आरोप त्यात आहेच. पहिल्या प्रयोगात हेलच्या पत्नीची भूमिका स्वतः ग्लास्पेलने केली होती.

(५)

१९१६ च्या सप्टेंबरात या मंडळींनी 'प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्स' या नावाने रीतसर संस्था स्थापन केली आणि न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवर आपले छोटे नाट्यगृह उघडले. ओनीलच्या सूचनेवरून त्याला 'प्लेराइट्स थिएटर', म्हणजे नाटककारांचे नाट्यगृह, असे नाव मिळाले. अमेरिकन लेखकांची नवी नाटके करणे, लेखकाला आपल्या नाटकाच्या निर्मितीत पूर्ण अधिकार देणे आणि यशापयशाची तमा न बाळगणे, ही संस्थेची सूत्रे होती. १९२२ पर्यंत संस्थेने शंभराच्या आसपास नाटके सादर केली. त्यांत अकरा नाटके ग्लास्पेलची, स्वतंत्र किंवा कुकच्या सहकार्याने लिहिलेली, होती. याखेरीज ती अभिनय करी, हस्तलिखिते वाची आणि संस्थेचे दैनंदिन व्यवहारही पाही.

तिचे पहिले पूर्ण लांबीचे नाटक 'बर्निस' १९१९ मध्ये आले. नायिका नाटकाच्या आरंभापूर्वीच मरण पावलेली आहे आणि तिचा पती, मैत्रीण, वडील व दासी तिच्या मृत्यूचा अर्थ लावू पाहत आहेत. ज्या स्त्रीविषयी नाटक आहे तीच रंगमंचावर येत नाही, ही 'ट्रायफल्स'मधील योजना येथे अधिक विस्ताराने वापरली आहे. तिच्याविषयी बोलणाऱ्यांच्या शब्दांतूनच तिची मूर्ती साकारते, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाचा स्वार्थही उघडा पडतो. साक्षीदारांवरून सत्य शोधण्याची ही रीत न्यायालयात घडलेल्या बातमीदाराची आहे.

'इनहेरिटर्स' (१९२१) या नाटकाचा भारतीय वाचकाला विशेष जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. पहिला अंक १८७९ मधील स्वातंत्र्यदिनी घडतो. सायलस मॉर्टन हा शेतकरी आपली सर्वोत्तम टेकडी महाविद्यालयासाठी देऊन टाकतो. ही भूमी मूळ रहिवाशांपासून हिसकावलेली आहे, तिचे ऋण ज्ञानदानाने फेडावे, ही त्यामागील भावना. उरलेले अंक चाळीस वर्षांनंतरचे आहेत. महायुद्ध संपले आहे, महाविद्यालयाला विधिमंडळाकडून अनुदान हवे आहे, आणि तेथील काही हिंदी विद्यार्थी आपल्या देशाच्या स्वातंत्र्याची पत्रके वाटीत आहेत. पोलीस त्यांना मारहाण करतात. संस्थापकाची नात मॅडलिन त्यांच्या बाजूने उभी राहते, हातातील टेनिसच्या रॅकेटने पोलिसाला मारते आणि अखेर तुरुंगवास पत्करते. नातलग व प्राध्यापक तिला माघार घेण्यास सांगतात. प्राध्यापक होल्डन स्वतः उदारमतवादी आहे. परंतु आजारी पत्नीच्या उपचारांसाठी नोकरी टिकविणे त्याला भाग आहे, म्हणून तो मुकाट बसतो. हे पात्र नाटकातील सर्वांत करुण पात्र म्हणावे लागेल.

हे हिंदी विद्यार्थी कल्पनेतून आलेले नाहीत. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे गदर पक्षाची चळवळ सुरू झाली. विष्णु गणेश पिंगळे व पांडुरंग सदाशिव खानखोजे हे महाराष्ट्रीय तरुण अमेरिकेत असतानाच तिच्याशी संबद्ध झाले. त्यांपैकी पिंगळे यांना १९१५ मध्ये लाहोर येथे फाशी झाली. अमेरिका महायुद्धात उतरल्यानंतर १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे हिंदी क्रांतिकारकांवर मोठा खटला चालला. शिक्षा भोगून सुटलेल्या तारकनाथ दास आदींना देशाबाहेर घालवून ब्रिटिशांच्या हवाली करण्याचे प्रयत्न १९१९ च्या सुमारास झाले, आणि त्यांना विरोध करण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये एक संघटना उभी राहिली. त्या काळच्या अमेरिकन बोलीत कोणत्याही भारतीयाला, तो शीख असो की मुसलमान, 'हिंदू' म्हणत. नाटकातही तोच शब्द येतो.

नाटककर्त्रीच्या वर्तुळालाही ही झळ लागली होती. १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा व १९१८ चा राजद्रोहाचा कायदा यांनी युद्धविरोधी मताची मुस्कटदाबी केली होती. 'द मासेस' या मासिकाच्या संपादक मंडळातील फ्लॉइड डेल व जॉन रीड हे प्रॉव्हिन्सटाउन संस्थेचे सदस्य आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहिले होते. अशा वातावरणात एका अमेरिकन लेखिकेने परकीय विद्यार्थ्यांच्या वाक्‌स्वातंत्र्यावर नाटक उभारावे, हे धैर्याचे कृत्य होते. त्याचबरोबर एक मर्यादाही दृष्टीआड करता येत नाही. ज्यांच्यासाठी हा संघर्ष चालतो त्या हिंदी विद्यार्थ्यांचे व्यक्तित्व नाटकात फारसे विकसित होत नाही. ते निमित्त ठरतात आणि प्रकाशझोत अमेरिकेच्या सदसद्विवेकावर राहतो. कदाचित लेखिकेचा उद्देशच तो असावा. वारसदार कोण, हा प्रश्न तिने आपल्याच देशबांधवांना विचारला आहे.

(६)

१९२० च्या नोव्हेंबरात ओनीलचे 'द एम्परर जोन्स' या संस्थेने सादर केले आणि त्याला अभूतपूर्व यश लाभले. नाटक ब्रॉडवेवर गेले. ज्या संस्थेने यशाची तमा न बाळगण्याची प्रतिज्ञा केली होती तिच्यात या यशाने फूट पडू लागली. नट व लेखक व्यावसायिक रंगभूमीकडे ओढले गेले.

याच काळात, १९२१ च्या नोव्हेंबरात, ग्लास्पेलचे सर्वांत धाडसी नाटक 'द व्हर्ज' रंगभूमीवर आले. क्लेअर आर्चर ही नायिका वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. वनस्पतींना त्यांच्या ठरीव आकारातून मुक्त करून पूर्वी कधीच नव्हते असे काही निर्माण करण्याचा तिला ध्यास आहे. पतीने, मुलीने व प्रियकरांनी तिला परिचित साच्यात बसवू पाहिल्यावर ती त्या साच्यासह स्वतःचे मनही मोडून टाकते, आणि अखेर ज्या पुरुषाने तिला सुरक्षिततेचे आश्वासन दिले त्याचाच गळा आवळते. पहिला व तिसरा अंक काचगृहात आणि दुसरा एका विचित्र आकाराच्या मनोऱ्यात घडतो. क्लेअरची भाषा वाक्यरचना मोडीत, अडखळत, पद्याच्या काठाला येऊन ठेपते. न्यूयॉर्कच्या समीक्षकांत तीव्र मतभेद झाले. इंग्लंडमध्ये मात्र १९२५ मध्ये सिबिल थॉर्नडाइकसारख्या श्रेष्ठ अभिनेत्रीने ही भूमिका केली. तेथील समीक्षकांपैकी काहींनी ग्लास्पेलची गणना ओनीलच्या बरोबरीने केली, ही गोष्ट पुढील विस्मरणाच्या पार्श्वभूमीवर लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९२२ मध्ये कुक व ग्लास्पेल ग्रीसला निघून गेले. दोघे डेल्फी येथे राहिले. कुकने मेंढपाळांचा पोशाख व जीवनक्रम स्वीकारला. १९२४ च्या जानेवारीत आजारी कुत्र्यापासून झालेल्या संसर्गाने तो तेथेच मरण पावला. ग्रीक सरकारच्या संमतीने अपोलोच्या मंदिरातील एक शिळा त्याच्या थडग्यासाठी देण्यात आली. अमेरिकेस परतल्यावर ग्लास्पेलने त्याचे चरित्र 'द रोड टु द टेम्पल' (१९२६) या नावाने लिहिले. प्रॉव्हिन्सटाउन चळवळीच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन ठरले. परंतु त्यात तिने स्वतःचे स्थान जवळजवळ पुसून टाकले आहे. चळवळीचा स्वप्नद्रष्टा म्हणून कुक आणि तिचा आविष्कार म्हणून ओनील, असा आराखडा तिने स्वतःच आखून दिला. पुढील इतिहासकारांनी त्याचेच अनुकरण केले.

(७)

'अ‍ॅलिसन्स हाउस' हे तिचे उत्तरकालीन महत्त्वाचे नाटक ईव्हा ल गॅलिएन हिच्या सिव्हिक रेपर्टरी थिएटरने १९३० च्या डिसेंबरात सादर केले. एमिली डिकिन्सन या कवयित्रीच्या जीवनावर ते आधारलेले आहे. तथापि डिकिन्सन कुटुंबाचे नाव वापरता न आल्यामुळे ग्लास्पेलने कवयित्रीला अ‍ॅलिसन स्टॅनहोप हे नाव दिले व कथानक आयोवात नेले. १८९९ या वर्षाचा शेवटचा दिवस आहे. अ‍ॅलिसनला मरून अठरा वर्षे झाली आहेत आणि घर विकले जात आहे. तिच्या अप्रकाशित कविता सापडतात. त्यांत तिच्या निषिद्ध प्रेमाचे रहस्य आहे. या कविता कुटुंबाच्या, की येणाऱ्या शतकाच्या? पुन्हा एकदा अनुपस्थित स्त्री, पुन्हा एकदा तिने मागे ठेवलेला पुरावा, आणि पुन्हा एकदा तो जाळावा की जपावा हा निर्णय! 'ट्रायफल्स'मध्ये पुरावा लपविणे हाच न्याय होता, येथे तो प्रकट करणे हा न्याय ठरतो. १९३१ चे पुलित्झर पारितोषिक या नाटकाला मिळाले. नाटकासाठी हा मान मिळविणारी ती झोना गेल हिच्यानंतरची दुसरी स्त्री होय. न्यूयॉर्कच्या अनेक समीक्षकांना मात्र ही निवड रुचली नाही आणि ब्रॉडवेवर नाटक फार काळ टिकले नाही.

आर्थिक मंदीच्या काळात केंद्र सरकारने बेकार रंगकर्मींसाठी 'फेडरल थिएटर प्रॉजेक्ट' ही योजना सुरू केली. तिच्या शिकागो येथील मध्यपश्चिम विभागाच्या नाट्यलेखन कचेरीचे संचालकपद ग्लास्पेलने १९३६ ते १९३८ या काळात सांभाळले. नव्या लेखकांची हस्तलिखिते वाचणे, त्यांना सूचना देणे, प्रयोगयोग्य नाटकांची शिफारस करणे, हे काम प्रॉव्हिन्सटाउनमधील तिच्या जुन्या कामाचेच मोठ्या प्रमाणावरील रूप होते. त्यानंतर ती कादंबरीकडे वळली. 'द मॉर्निंग इज निअर अस' (१९३९), 'नॉर्मा अ‍ॅश' (१९४२) व 'जड रँकिन्स डॉटर' (१९४५) या तिच्या अखेरच्या कादंबऱ्या. १९४८ च्या जुलैत प्रॉव्हिन्सटाउन येथे तिचे निधन झाले.

(८)

तिच्या विस्मरणाची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण रंगभूमीच्या अर्थव्यवस्थेचे. तिची नाटके लहान, वर्गणीदार प्रेक्षकांसाठी लिहिलेली होती. ती ब्रॉडवेवर फारशी न गेल्याने पुनःप्रयोगांची परंपरा निर्माण झाली नाही. दुसरे कारण, १९२२ ते १९२४ ही निर्णायक वर्षे ती देशाबाहेर होती. नेमक्या त्याच वर्षांत ओनीलची कीर्ती दृढ झाली. तिसरे कारण, ती कादंबरी व नाटक या दोन प्रांतांत वावरली, आणि दोन्ही प्रांतांच्या इतिहासकारांनी तिला दुसऱ्याच्या हवाली केले. चौथे आणि सर्वांत खोल कारण इतिहासलेखनाच्या पद्धतीचे आहे. सामूहिक कार्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचा इतिहास एका थोर पुरुषाच्या उदयाची कथा म्हणून सांगितला गेला, की हस्तलिखिते वाचणारे, पडदे शिवणारे, दुसऱ्याच्या नाटकात भूमिका करणारे हात आपोआप पार्श्वभूमीत जातात. तिच्या स्वतःच्या ग्रंथानेही या पद्धतीला हातभार लावला.

१९७० नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी प्रथम 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स' ही कथा आणि तिच्या पाठोपाठ 'ट्रायफल्स' पुन्हा वाचनात आणली. १९८७ मध्ये बिग्जबी याने संपादित केलेला तिच्या नाटकांचा संग्रह केंब्रिजहून निघाला. लिंडा बेन-झ्वी हिने १९९२ मध्ये हॉसॅक खटला व 'ट्रायफल्स' यांचा संबंध जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे सविस्तर दाखविला आणि २००५ मध्ये विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. अमेरिकन विधिमहाविद्यालयांतूनही तिच्या कथेचा अभ्यास होऊ लागला. पुरावा म्हणजे काय आणि तो वाचण्याची पात्रता कोणाकडे असते, हे शिकविण्यासाठी ही कथा उपयोगी पडते.

या पुनर्मूल्यांकनातही एक धोका आहे. एकच एकांकिका वारंवार संग्रहित झाल्याने ग्लास्पेल म्हणजे 'ट्रायफल्स' असे समीकरण रूढ झाले, आणि 'इनहेरिटर्स' व 'द व्हर्ज' यांसारखी अधिक महत्त्वाकांक्षी नाटके पुन्हा मागे पडली. ओनीलशी बरोबरी सिद्ध करण्याचा आग्रहही तितकासा फलदायी नाही. 'लाँग डेज जर्नी इन्टु नाइट'च्या उंचीचे नाटक तिने लिहिले नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु तिचे वैशिष्ट्य निराळ्या ठिकाणी आहे. जी व्यक्ती उपस्थित नाही, जिला साक्ष देता येत नाही, तिच्याविषयी न्याय्य बोलणे कसे शक्य आहे, हा प्रश्न तिने १९०१ च्या न्यायालयापासून १९३० च्या रंगभूमीपर्यंत सातत्याने हाताळला. हॉसॅकच्या घरी जाण्यापूर्वी तिने जे लिहिले आणि गेल्यानंतर जे लिहिले, ते दोन्ही आज उपलब्ध आहे. आपल्या दृष्टीत पडलेला बदल एखाद्या लेखकाच्या कागदपत्रांतून इतक्या स्पष्टपणे दाखविता यावा, हे विरळा घडते. अमेरिकन नाटकाच्या अभ्यासकाने ते सव्वीस वृत्तान्त आणि ती अकरा नाटके शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर १९१६ च्या त्या वखारीचा इतिहास अधिक पूर्ण स्वरूपात लिहिता येईल.